रेल्वेने मसुदा धाडलाय, सही करू का?

नमस्कार काका,

मी मूळची सांगलीची, सध्या ओहायोत. प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मालाची आवक-जावक बघते. आमचा प्लास्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल, टेक्सास आणि लुइझियानातून हॉपरने (सुट्या मालाच्या रेल्वे-डब्याने) येतो. कारखान्याच्या साइडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला) एकाच रेल्वेचा रूळ आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा कायम तिच्याच हातात. कधी दहा-दहा दिवस डबा येत नाही आणि मग सहा एकदम दारात. आमच्याकडे मावतात चार.

मागच्या आठवड्यात रेल्वेच्या विक्री विभागातल्या ओळखीच्या गृहस्थांनी एक मसुदा पाठवला. युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या दोन मालवाहू रेल्वे एक व्हाव्यात, असं आमच्या कंपनीने सरकारला कळवायचं. मालक म्हणाले, "करून टाक सही, आपलं काय जातं? मधे डबा बदलायची भानगड तरी संपेल." वाचून मलाही तसं पटलं. पण जानेवारीत सरकारने त्यांचा अर्जच परत पाठवल्याची बातमी वाचली. मग सरकार विरोधात आहे का? राष्ट्राध्यक्ष तर चांगलं बोलले होते. सरकारला नको असलेल्या गोष्टीला पाठिंबा देऊन नसती अडचण नको, त्यात माझं ग्रीन कार्ड रांगेत. आणि नाही म्हणावं तर जिच्या रुळावर आमचा कारखाना चालतो तीच नाराज. काय करू?

— एक वाचक, ओहायो

*

आधी उत्तर सांगून टाकतो, कारण तुझ्या मालकांना सविस्तर वाचायला वेळ नसणार. त्या मसुद्यावर सही करू नकोस. नकारही कळवू नकोस. तुमच्या कंपनीचं स्वतःचं पत्र तयार कर आणि त्यात पाठिंबा-विरोधाच्या भानगडीत न पडता अटी माग. या धंद्यात विलीनीकरणाआधी दिलेला शब्द हा मंजुरी देणाऱ्या सरकारी बोर्डाच्या आदेशात अट म्हणून उतरला तरच शब्द. नाहीतर ती जाहिरात. मी मालवाहतुकीच्या दरांची घासाघीस करण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

आता "सरकार विरोधात आहे का?" हा तुझा प्रश्न. अगं, इथे सरकार म्हणजे एक माणूस नाही. रेल्वेंच्या विलीनीकरणावर निर्णय देतं सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड. १८८७ सालचं इंटरस्टेट कॉमर्स कमिशन मोडीत काढून १ जानेवारी १९९६ पासून हे बोर्ड आलं. इतर कंपन्या एकत्र येताना न्याय विभाग कोर्टात जाऊन आडवा येऊ शकतो. रेल्वेच्या बाबतीत तो फक्त आपलं मत कळवतो. ऐकायचं की नाही हे बोर्डाच्या हाती, आणि बोर्डाने एकदा मंजुरी दिली की मक्तेदारीविरोधी कायदा बाजूला पडतो. तेव्हा बातमीत "सरकारचा विरोध" असं वाचलंस की आधी बघायचं, हे सरकार म्हणजे नेमकं कोण.

तीन वेळचं उदाहरण देतो. १९८६ साली सांता फे आणि सदर्न पॅसिफिकच्या विलीनीकरणाला न्याय विभागाने विरोध केला आणि कमिशननेही चार विरुद्ध एक मतांनी ते फेटाळलं. १९९६ साली युनियन पॅसिफिकने तीच सदर्न पॅसिफिक घ्यायचं ठरवलं. न्याय विभागाने पुन्हा विरोध केला, पण यावेळी बोर्डाने मंजुरी दिली. २०२१ साली कॅनेडियन नॅशनलला कॅन्सस सिटी सदर्न हवी होती. निकाल लागेपर्यंत शेअर एका विश्वस्ताकडे ठेवायचे आणि भागधारकांना पैसे आधीच देऊन टाकायचे, अशी तिची योजना. न्याय विभागाने या योजनेला हरकत घेतली आणि ३१ ऑगस्टला बोर्डाने ती एकमताने नाकारली. सौदा तिथेच मोडला आणि कॅन्सस सिटी सदर्न कॅनेडियन पॅसिफिकच्या घरात गेली. न्याय विभागाचं मत तिन्ही वेळा एकाच बाजूचं, निकाल मात्र दोनदा एक आणि एकदा दुसरा.

राष्ट्राध्यक्षांचं मतही मतच. बोर्ड स्वतंत्र आहे असं कायदा म्हणतो. मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट प्रायमस या सदस्यांना व्हाइट हाउसने पदावरून काढलं. २०२३ साली कॅनेडियन पॅसिफिकच्या विलीनीकरणाविरुद्ध एकट्याने मत देणारे हेच गृहस्थ. पाच जागांच्या बोर्डावर २०२६ च्या जानेवारीत तिघेच होते. यातून काय समजायचं ते समज. मी एवढंच म्हणेन, की राष्ट्राध्यक्ष "छान" म्हणाले म्हणून निकाल लागला असं धरून चालू नकोस.

हे तिघे काही होयबा नाहीत, ते जानेवारीत दिसलं. २९ जुलै २०२५ ला जाहीर झालेला हा ८५ अब्ज डॉलरचा सौदा. डिसेंबरमध्ये सात हजारांच्या घरातल्या पानांचा अर्ज दाखल झाला आणि १६ जानेवारी २०२६ ला तिघांनी एकमताने तो अपुरा ठरवून परत केला. त्याला विरोध म्हणता येणार नाही, दुरुस्त करून पुन्हा आणायची मुभा होतीच. पण काय अपुरं होतं ते बघ. एक म्हणजे विलीनीकरणानंतर बाजारातला कोणाचा किती वाटा असेल याचा अंदाज धड दिलेला नव्हता. दुसरं म्हणजे दोन कंपन्यांमधल्या कराराचा एक तुकडा जोडलाच नव्हता. बोर्डाने कोणत्या अटी घातल्या तर युनियन पॅसिफिकला सौद्यातून बाहेर पडता येईल, त्याबद्दलचा तुकडा! सात हजार पानांत तेवढाच राहून गेला. मी इतकी वर्षं करारपत्रं वाचली, मला याचं नवल वाटलं नाही. पण तुझ्यासाठी यात खूण आहे. खरी झटापट अटींवर होणार आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

आता मालकांचं म्हणणं घेऊ. त्यांचं अगदीच चूक नाही. युनियन पॅसिफिक पश्चिमेची, नॉरफोक सदर्न पूर्वेची. दोघींचे रूळ समांतर फारसे नाहीत, टोकाला टोक जुळतं. एकत्र झाल्या तर ४३ राज्यांत ५०,००० मैलांहून जास्त रूळ एका मालकीचे होतील आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणारी पहिली अमेरिकन मालवाहू रेल्वे तयार होईल. शिकागो, मेम्फिस किंवा न्यू ऑर्लिन्सला डबा एका रेल्वेने सोडायचा आणि दुसरीने उचलायचा, यात दिवस जातात हे तू रोज बघतेस. वर्षाला वीस लाखांवर ट्रकफेऱ्या रस्त्यावरून रुळावर येतील असा दोघींचा दावा आहे. आपल्याकडे तर असे प्रश्नच आले नाहीत. १९५१ साली सरकारनेच जीआयपी, निजामाची रेल्वे वगैरे जोडून मध्य रेल्वे केली आणि विषय संपला. तिथे मालक एकच. इथे मालवाहतुकीचे बहुतेक रूळ खाजगी, आणि १९८० साली चाळीसच्या आसपास असलेल्या मोठ्या रेल्वे आता सहावर आल्या आहेत.

पण "टोकाला टोक जुळतं, मग स्पर्धा कमी होतेच कुठे?" हा युक्तिवाद तुमच्या साइडिंगवरून तपासून बघ. तुमच्या दारात एकच रेल्वे आहे, ती आजही मक्तेदार आणि उद्याही. म्हणून मालकांना वाटतं आपलं काय जातं. पण तुमचा दाणा जिथून निघतो तिथे, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, कुठल्या पुरवठादाराकडे युनियन पॅसिफिक आहे, कुठल्याकडे पश्चिमेचीच दुसरी मोठी रेल्वे बीएनएसएफ आहे, काहींकडे दोन्ही. समजा तुम्ही तीन पुरवठादारांकडून भाव मागवता. तुमच्या दारची रेल्वे जर नॉरफोक सदर्न असेल, तर आज तिला काहीच फरक पडत नाही की डबा तिला मेम्फिसला युनियन पॅसिफिकने दिला की बीएनएसएफने. तिचं भाडं तिला मिळतं. उद्या ती युनियन पॅसिफिकच्या घरची झाली, की बीएनएसएफने आणलेल्या डब्यावर तिला अर्धंच भाडं आणि आपल्या घरच्या डब्यावर पूर्ण. मग परक्या डब्याचा शेवटच्या टप्प्याचा दर थोडा वर सरकतो. दार बंद केलं असं कोणी म्हणणार नाही. सांध्याचं ठिकाण, ज्याला इथे गेटवे म्हणतात, ते नकाशावर उघडंच असेल. फक्त तिथून माल आणणं कोणाला परवडणार नाही. आणि तुम्हाला भाव देणाऱ्या तिघांपैकी एक जण एक दिवस म्हणेल, "ओहायोला आम्हाला जमणार नाही." रेल्वेतली स्पर्धा कमी झाल्याचं तुला दाण्याच्या बिलात दिसेल, भाड्याच्या बिलात नाही.

यावर अर्थशास्त्रातले काही लोक सांगतात, की दारची मक्तेदार रेल्वे जेवढं ओरबाडता येईल तेवढं आधीच ओरबाडत असते, विलीनीकरणाने त्यात भर पडत नाही. कागदावर बरोबर आहे. पण प्रत्यक्षात दर ठरवणारा माणूस आपल्या गिऱ्हाइकाची पूर्ण माहिती हातात घेऊन बसलेला नसतो. दोन कंपन्यांच्या दोन माणसांशी बोलताना जी थोडी फट राहते, तिच्यातच आमच्यासारख्यांची घासाघीस चालायची.

सेवेचं तर आणखी वेगळं. तुझ्या मालकांना १९९७ सालच्या ह्यूस्टनबद्दल विचार, ते तेव्हा धंद्यात असतील तर विसरले नसतील. मघाशी म्हटलं ना, युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये ताबा मिळाला आणि पुढच्या उन्हाळ्यात ह्यूस्टनचं एंगलवूड यार्ड तुंबलं. यार्डात जागा नाही म्हणून येणाऱ्या गाड्या बाहेरच्या साइडिंगवर उभ्या. साइडिंग भरल्या म्हणून समोरून येणाऱ्यांना क्रॉसिंग द्यायला जागा नाही. चालक आणि कंडक्टर यांची कायद्याने बारा तासांची मर्यादा, ती संपली की गाडी जिथे असेल तिथे थांबवून उतरायचं. मग दुसरी माणसं टॅक्सीने पोचवायची, तोवर इंजिन अडकलेलं. इंजिन अडकलं म्हणून पुढची गाडी निघत नाही. अशी ती गाठ रोज घट्ट होत गेली. आखाताच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त काय भरलं जातं? रसायनं आणि दाणा. तुमच्यासारख्या कारखान्यांचे हॉपर तेव्हा कुठे आहेत हे रेल्वेला सांगता येत नव्हतं. लोकांनी जास्तीचा खर्च करून ट्रकने दाणा आणला, आणि एका हॉपरला चार ट्रक लागतात. ३१ ऑक्टोबर १९९७ ला बोर्डाने आणीबाणीचा आदेश काढून टेक्स मेक्स या छोट्या रेल्वेला ह्यूस्टनमधला माल उचलू दिला. तो आदेश १९९८ च्या ऑगस्टपर्यंत चालला.

आणि हे सगळं मंजुरी देताना अटी घातलेल्या असताना झालं. बीएनएसएफला जवळजवळ ४,००० मैल रुळांवर गाड्या चालवायचा हक्क देण्यात आला होता. स्पर्धेची अट होती, सेवेची नव्हती. ही गोष्ट तुझ्या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाची.

पुढे १९९९ साली कॉनरेल या पूर्वेकडच्या रेल्वेचे तुकडे नॉरफोक सदर्न आणि पूर्वेचीच दुसरी रेल्वे सीएसएक्स यांनी वाटून घेतले, तेव्हा पूर्वेत तोच गोंधळ. त्यानंतर लगेच डिसेंबरात बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनल यांनी एकत्र यायची घोषणा केली आणि बोर्डाच्या संयमाचा बांध फुटला. मार्च २००० मध्ये त्याने पंधरा महिने कुठलंच मोठं विलीनीकरण घेणार नाही असं जाहीर केलं. अपिलाच्या कोर्टानेही बोर्डाची बाजू उचलून धरली आणि तो सौदा बारगळला. २००१ साली नवे नियम आले. तोवर "स्पर्धेचं नुकसान होणार नाही" एवढं दाखवलं की भागायचं. आता स्पर्धा वाढते हे दाखवावं लागतं. शिवाय सेवा कोलमडू नये म्हणून काय करणार याचा आराखडा द्यायचा, आणि एकीने लग्न केलं की उरलेल्याही जोडीदार शोधायला निघतील त्याचे परिणाम सांगायचे. कॅनेडियन पॅसिफिकने कॅन्सस सिटी सदर्न घेतली, तेव्हा ती लहान म्हणून त्या सौद्याला या नियमांतून सूट मिळाली. म्हणजे पंचवीस वर्षांत विलीनीकरणाचा पूर्ण अर्ज घेऊन या नियमांच्या परीक्षेला बसणारी युनियन पॅसिफिक-नॉरफोक सदर्न ही पहिलीच जोडी. बोर्ड खडूस वागतंय असं वाटलं तर ते त्यामुळे.

एक गंमत सांगतो. १९८६ सालच्या त्या सौद्यात दोन्ही कंपन्यांना मंजुरीची इतकी खात्री होती, की शेकडो इंजिनं लाल-पिवळ्या नव्या रंगात रंगवून झाली होती. एका कंपनीची अक्षरं लिहायची आणि शेजारी दुसरीची अक्षरं बसतील एवढी जागा मोकळी सोडायची. साखरपुड्याआधी पत्रिका छापाव्यात तशातली गत. कमिशनने नाही म्हटल्यावर ती अर्धवट नावाची इंजिनं पुढे कितीतरी वर्षं धावत होती आणि रेल्वेतले लोक हसत होते. तुझ्या ओळखीच्या विक्री विभागातल्या गृहस्थांना इतकी खात्री कशी, याचं उत्तर त्यात आहे. खात्री दाखवणं हे त्यांचं कामच आहे.

मग पत्रात लिहायचं काय?

आधी एक गोष्ट तपास. तुमचं भाडं कोण भरतं? दाणा बऱ्याचदा पोच भावाने विकला जातो, म्हणजे भाडं पुरवठादार भरतो आणि हॉपरही त्याचेच किंवा त्याने भाड्याने घेतलेले. तसं असेल तर रेल्वेचा दर तुम्हाला माहीतच नाही, आणि मसुद्यात "या विलीनीकरणामुळे आमचे दर सुधारतील" असं वाक्य असेल तर ते तुम्ही कशाच्या जोरावर लिहिणार? भाडं तुम्ही भरत असाल तर बिलं काढून बघ. दोन रेल्वे "रूल ११" खाली वेगवेगळं बिल देतात का, की एकच सलग दर आहे? रूल ११ असेल तर शेवटच्या टप्प्याचा आकडा तुझ्यासमोर आहे आणि त्याच आकड्याचं उद्या काय होणार हा तुझा प्रश्न.

मग तुला स्वतःला जे माहीत आहे तेवढंच लिही. वर्षाला साधारण किती हॉपर, कुठून निघतात, कुठल्या गेटवेवरून येतात, आज किती दिवस लागतात. सरासरीपेक्षा चढ-उतार महत्त्वाचा. दहा दिवस काही नाही आणि मग सहा एकदम, हे तू मला लिहिलंस तसंच बोर्डाला लिही. कारखान्याच्या डोक्याला ताप होतो तो या चढ-उताराचा. एक डबा नऊ दिवसांनी येणार हे पक्कं असेल तर नऊ दिवसांची सोय करता येते. पाच की पंधरा हेच माहीत नसेल तर सायलो, म्हणजे दाणा साठवायची टाकी, भरून ठेवावा लागतो, पुरवठादाराला जास्त हॉपर फिरवावे लागतात आणि न मावणारे दोन डबे यार्डात पडून राहतात ते वेगळंच. ही माहिती वॉशिंग्टनमध्ये कोणाकडे नसते. वकिलांकडे नकाशे असतात, अर्थतज्ज्ञांकडे मॉडेल असतात, पण साइडिंगवर चारच मावतात हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

त्यानंतर मागणी. गेटवे उघडा ठेवू असं आश्वासन पुरेसं नाही, दराने उघडा ठेवा म्हणा. परक्या रेल्वेच्या डब्याला शेवटच्या टप्प्यासाठी दर कसा ठरणार, त्याचं सूत्र आदेशात असावं. अर्जात त्यांनी काही गिऱ्हाइकांसाठी गेटवेच्या दराची एक योजना मांडली आहे. ती तुमच्या साइडिंगला, तुमच्या मालाला लागू होते का, हे त्या गृहस्थांना लेखी विचार. उत्तर आलं तर पत्राला जोडता येईल. नाही आलं तर तेही लिहिता येईल. सेवेसाठी विलीनीकरणाआधीच्या वर्षाची पातळी मोजून ठेवा आणि तिच्याखाली गेली तर काय करणार ते सांगा, अशी मागणी कर. संगणकप्रणाली बदलण्याबद्दल वेगळं वाक्य घाल. २०२३ साली कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एकत्र आल्या आणि दोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, दक्षिणेकडची जुनी प्रणाली नव्यावर आणताना लुइझियानाच्या बाजूला डबे रखडले. रेल्वेला जाब विचारणं बोर्डाला भाग पडलं. तो विचारता आला, कारण मंजुरी देतानाच बोर्डाने सात वर्षं देखरेख ठेवली होती. तुझ्या पत्रात देखरेखीची मुदत माग, आणि सातपेक्षा कमी मागू नकोस. हे जाळं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

पाठिंबा की विरोध, हा रकाना रिकामा राहिला तरी चालतो. "या अटी घातल्या तर आमची हरकत नाही" असं लिहिता येतं आणि अशा पत्राला ढीगभर साच्यातल्या पत्रांपेक्षा जास्त वजन असतं. साच्यातली पत्रं वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीतच कळतात. तुम्हाला एकट्याने नाव पुढे करायचं नसेल तर तुमच्या व्यवसायाच्या संघटनेला विचार. रसायनवाल्यांची अमेरिकन केमिस्ट्री कौन्सिल या सौद्याच्या विरोधात उघडपणे उभी आहे, तुमचे पुरवठादार बहुधा तिचे सभासद असतील. त्यांचं मत तुमचं असेलच असं नाही, पण त्यांना फोन करून ऐकून घे.

ग्रीन कार्डाची काळजी समजते. पण हे पत्र तू लिहीत नाहीस, कंपनी लिहिते. कंपनीच्या लेटरहेडवर, मालकाच्या किंवा संचालकाच्या सहीने जाऊ दे. तू माहिती गोळा करून दे. बोर्डासमोरची सुनावणी म्हणजे दोन्हीकडून मतं मागवण्याचीच जागा, तिथे न्याय विभागाच्या विरुद्ध मत दिलं म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. एक मात्र बघ. मसुद्याच्या तळाशी "वरील मजकूर खरा आहे, खोटा ठरल्यास शिक्षेस पात्र" अशा अर्थाची ओळ आहे का? अशी ओळ असलेल्या कागदावर, ज्यातलं प्रत्येक वाक्य स्वतःला माहीत नाही, अशा कोणीच सही करू नये, ग्रीन कार्ड असो की नसो. तरीही धाकधूक असेल तर तुझ्या इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाक. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा पक्कं.

आणखी एक, बोर्डाकडे गेलेली पत्रं सगळ्यांना वाचता येतात. तुमचा स्पर्धक वाचेल, पुरवठादार वाचेल, रेल्वे तर वाचेलच. दराचे आकडे, पुरवठादारांची नावं उघड्या पत्रात घालू नका. ते गोपनीय म्हणून वेगळं देण्याची सोय आहे, पण त्यासाठी कंपनीच्या वकिलाचा हात लागेल.

राहता राहिली रेल्वेची नाराजी. खरं सांगू, मला याची फारशी भीती वाटत नाही. सही न करणारं गिऱ्हाईक त्यांच्यासाठी नवीन नाही, आणि मंजुरीची वाट बघत असताना एखाद्या कारखान्याची सेवा मुद्दाम बिघडवणं त्यांना परवडणारं नाही. नेमकं आत्ताच परवडणारं नाही. साइडिंगवर चारऐवजी सहा हॉपर मावावेत म्हणून रूळ वाढवायचा असेल, डबे आठवड्यातून दोनदाऐवजी तीनदा आणून द्यायला हवे असतील, तर त्या गृहस्थांना याच महिन्यात जेवायला बोलवा. निकाल लागेपर्यंत तुमचा फोन ते लगेच उचलतील. त्यानंतर उचलतीलच असं नाही.

मालकांना दाखवण्याआधी पत्राचा कच्चा मसुदा मला पाठवलास तर नजर टाकीन. आकडे खोडून पाठव. आणि त्या विक्री विभागाच्या माणसाला आज इतकंच कळव, की आमचं पत्र आम्हीच लिहितोय, त्याआधी गेटवेच्या दराबद्दल तुमचं लेखी उत्तर हवंय.